सालेकशाकडच्या टेकडीवरच्या दोन मुसळ्या

इमलाबाईंनी मला स्वतःचं सुकं लुगडं नेसायला दिलं, पोटभर भात वाढला आणि तोंडावर सांगितलं की मी खोटं लिहिलंय. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी. पुढं काय झालं ते सांगतेच, पण आधी हे नाव लिहून ठेवते. ज्या अहवालासाठी मी एवढ्या लांब गेले, त्यात ते कुठंही नाही. साहेबांचं नाव आहे, त्यांच्या दोन पदव्या आहेत, जीपचा नंबरसुद्धा आहे. इमलाबाई नाहीत. म्हणून इथं पहिल्या ओळीत.

मी महाडकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. औषधी झाडांच्या एका नर्सरीत नऊ वर्षं कामाला आहे. वाचायला-लिहायला येतं, पण माझं खरं शिक्षण पानांचं. पान दाखवा, झाड सांगते. आमच्या नर्सरीच्या ताईंनी या भरवशावर मला साहेबांसोबत पाठवलं. साहेब झाडांचे डॉक्टर. सालेकसा तालुक्यातल्या एका टेकडीवरून रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढायचा होता. त्याआधी तिथं कुठली झाडं आहेत याची यादी करणं भाग होतं. यादीत धोक्यातलं काही निघालं तर टेकडी सोडावी लागणार, नाही निघालं तर मशीन येणार. इतकं साधं. मी झाड ओळखायचं, कागदावर मांडायचं आणि प्रत्येक कागदाखाली ‘ओळख पटवणार’ म्हणून सही करायची.

सहीचं ऐकून मी ताईंना दोनदा नको म्हटलं होतं. घरची वीजजोडणी सोडली तर मी कशावर सही केली नव्हती. ताई म्हणाल्या, “अगं, तुला येतं ते सगळं. घाबरतेस कशाला?” त्यांनी विश्वास टाकला याचं मला इतकं वाटलं की रात्रभर पिशवी भरत बसले. गरज नसताना तीन टॉवेल घेतले.

गोंदिया

रेल्वेतलं काही सांगण्यासारखं नाही. गोंदियाला उतरले आणि वाटलं, आपण महाराष्ट्र ओलांडून पुढं आलो. हमाल हिंदी, चहावाला हिंदी, रिक्षावाला हिंदी. मी धीर करून रिक्षावाल्याला विचारलं, “दादा, मराठी येत नाही का तुम्हाला?” तो हसला. “येते ना ताई, काऊन नाही येणार? पण स्टेशनावर हिंदीच चालते. बैठो, किधर जाना है?”

मुर्रीच्या बाजूला एका लॉजवर उतरलो. सकाळी पोहे आले. त्यावर चण्याची लाल तर्री ओतलेली. आमच्याकडं पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, इथं डोळ्यांतून पाणी. साहेबांनी दोन प्लेटी खाल्ल्या. मी निम्मे ठेवले आणि मग टाकायला नको म्हणून संपवले. दिवसभर पोट बोलत होतं.

आमगाव मागं टाकून आम्ही सालेकशाकडं निघालो. दोन्ही बाजूंना भातच भात. इथं खाचराला बांधी म्हणतात, आमच्या आवणाला, म्हणजे भाताच्या रोपांना, पऱ्हे म्हणतात आणि लावणीला रोवणी. नावं सोडली तर मी घरीच होते. त्याच कमरा वाकलेल्या, तोच चिखल. एवढ्या लांब येऊन तेच दिसलं तेव्हा छाती जरा हलकी झाली.

जीपमध्ये साहेब शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे, हे मी नाकारणार नाही. राग आहे म्हणून खोटं सांगायचं नाही. त्यांनी सांगितलं, सफेद मुसळी म्हणून लोक जिला ओळखतात ती एक नाही. आपल्याला बघायच्यात त्या दोघी. पूर्वी दोघींना लिलीच्या कुळात टाकायचे, आता शतावरीच्या कुळात टाकलंय. कूळ एक, वंशही एक, क्लोरोफायटम. म्हणजे आडनाव एकच, सख्ख्या चुलत बहिणी. पुढचं नाव तेवढं वेगळं. एक ट्युबरोसम, दुसरी बोरिव्हिलिएनम. दुसरीचं नाव आपल्या बोरिवलीवरून पडलंय म्हणे. साहेबांच्या फॉर्मवर पहिलीपुढं छापलं होतं ‘चिंता नाही’. दुसरीपुढं ‘धोक्यात’. तिची मुळं औषधाला जातात, उपटून उपटून ती संपत आलीय.

“फरक कशावरून ओळखायचा साहेब?” मी विचारलं.

“मुळावरून. फुलं आली असतील तर फुलावरूनही कळतं. पण तू पानावरून सांगतेस ना? मग झालं.”

मग झालं. हे दोन शब्द माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत.

रोडापाशी

जीप टेकडीच्या पायथ्याशी थांबली. रस्त्याकडच्या उतारावर मुसळीचं रान होतं. लांब, पन्हळीसारखी हिरवी पानं. फुलं गळून गेलेली. मी लगेच ओळखलं. “ही आमची कुली, साहेब. पावसाळ्यात आम्ही भाजी करतो हिची. साधी.” साहेबांनी एकेक सुटं फळ धरलेली एक काडी निरखली आणि म्हणाले, बरोबर, ट्युबरोसम. मी कागदावर मोजणी मांडत गेले. काडी, काडी, काडी, काडी, आडवी.

तासाभरात रस्त्यालगतचं झालं. वर अजून सगळी टेकडी होती. वाट निसरडी, पावसाची सर आलेली, साहेबांचे बूट नवे. ते छत्रीखालून वर बघत म्हणाले, “वर तेच असणार. पुढच्या रकान्यात वरीलप्रमाणे कर.”

आणि मी केलं. वरच्या पट्ट्याच्या प्रत्येक रकान्यात दोन बारक्या रेघा. नऊ वर्षं रोपं सांभाळलेल्या हातानं मी न पाहिलेली टेकडी दोन-दोन रेघांत भरून टाकली. का? कारण साहेब म्हणाले. कारण मला परत पाठवतील अशी भीती होती. कारण एवढ्या लांब आणलं, हॉटेलात ठेवलं, याचे उपकार वाटत होते. उपकार वाटणं चांगलं असतं असं लहानपणापासून ऐकलंय. त्या दिवशी ते कसं वापरलं जातं ते कळलं. कागदाखाली सही केली. वळणदार काढली, आता लाज वाटावी इतकी.

साहेब जेवायला आमगावला गेले. मला म्हणाले, तू इथली फळं गोळा कर, आम्ही येतोच. मी बांधावरून चालत होते, चप्पल घसरली आणि सरळ बांधीत आडवी. पऱ्ह्याच्या जुड्या अंगाखाली. रोवणी करणाऱ्या बाया आधी गप्प झाल्या आणि मग अशा हसल्या की बगळे उडाले.

“काऊन वो बाई, आमच्या बांधीत पोहाले आली का?” एक उंच, काळीसावळी, साठीची बाई कमरेवर हात ठेवून विचारत होती. त्याच इमलाबाई.

मी रडकुंडीला. “माफ करा मावशी, तुमच्या जुड्या मोडल्या.”

“जुड्या मरू दे. तूच मोडली का पाह्य आंधी.”

मला उठवलं. मोडल्या त्या जुड्या मी लावून देते म्हटलं आणि पदर खोचून ओळीत उभी राहिले. दहा पावलं मागं गेले तेव्हा इमलाबाई माझ्या ओळीकडं बघत म्हणाल्या, “कोकनात धान असंच चिपकवून रोवतात का वो? त्याले श्वास घेऊ दे ना.” पुन्हा हशा. पण हाकलली नाही.

सपरीत

त्यांचं घर बांधीला लागूनच. पुढच्या ओसरीला इथं सपरी म्हणतात. घरात त्या सुनेशी पोवारी बोलीत बोलत होत्या. त्यांचे पूर्वज माळव्यातून आले, हे त्यांनी असं सांगितलं जसं काल आले. लुगडं दिलं. मग ताट. ढीगभर भात, लाखोळीची डाळ, बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी, तिला वास्ते म्हणतात. आणि बाजूला थोडी हिरवी भाजी. एक घास खाल्ला आणि हात थांबला. कुली. माझ्या आईच्या हातची नव्हे, पण तीच. आई तिच्यात चणाडाळ घालते, यांनी नुसता लसूण आणि सुकी मिरची घातलेली.

“मावशी, ही आम्ही पण खातो!”

“मंग खा ना, रडतेस कायले?”

त्यांनी विचारलं, झाडं कायले मोजून राहिले? मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. मुरूम, मशीन, यादी. टेकडीवर सफेद मुसळी आहे, पण साधी आहे, चिंता नाही.

इमलाबाई उठल्या. सपरीच्या आढ्याला सुकत टांगलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवलं. मुळांच्या दोन माळा. एका माळेत जाड, गोरी, बोटांसारखी मुळं, एका देठाच्या गड्ड्याला जवळजवळ चिकटलेली. दुसऱ्या माळेत बारीक दोऱ्यासारखी मुळं आणि दोऱ्याच्या टोकाला गाठ, जसं मणी लटकावेत.

“हे गाठीवाली, रोडापाशची. हिचं पान खातो आमी. अन हे बोटंवाली, वरची. कोनती लिवली तुनं?”

मी दोन्ही माळा जवळ ओढल्या.

“वर गेली होतीस का?”

“नाही.”

“मंग लिवलं कसं?”

मी ताटातला भात सारखा केला. त्यांनी सुनेकडं बघितलं. “आयक वो. सायबीन न पाहता मोजते.” मग माझ्याकडं वळून, अगदी शांतपणे, “तुमी शिकलेले लोक बाप्पा.”

“मी कुठं शिकलेली मावशी? मी आठवी नापास.”

“मंग त तुले समजाले पायजे होतं.”

एवढंच बोलल्या आणि ताटात आणखी भात वाढला. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

जेवता जेवता त्यांनी वरच्या मुसळीची रीत सांगितली. पावसाळ्यात तिला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर पान पिवळं होऊन जमिनीवर निजलं की मगच खणायचं. खणलं तरी चार बोटं घ्यायची आणि वरचा गड्डा, ज्याला त्या मुंडी म्हणतात, तो दोन बोटांसकट परत मातीत ठेवायचा. पुढच्या आषाढात तिथूनच ती उठते. “मुंडी धरतीची, बोटं आपली,” त्या म्हणाल्या. आणि कुणी मुंडी तोडून विकलीच तर? “तिच्या बांधीत कोनी रोवाले जात नाही. एक साल एकटीनं रोव म्हना. दुसऱ्या सालापासून आपोआप समजते.”

मी विचार करत राहिले. या गावात मुंडी तोडणाऱ्या बाईला शिक्षा आहे. माझ्यासारखीला, सगळी टेकडी दोन रेघांत तोडणारीला, भात वाढला होता.

साहेब

साहेब आल्यावर जीपमध्येच सांगितलं. कागद चुकला, वर जाऊन बघू या.

“उद्या संध्याकाळची गाडी आहे,” ते म्हणाले. “आणि बघून काय करणार? खात्री करायची तर मूळ खणावं लागेल. धोक्यातली वनस्पती परवानगीशिवाय खणणं म्हणजे गुन्हा. तुझ्यावरच येईल.”

“मग न खणता साधी कशी लिहिली, साहेब?”

जीपवाल्या भैयानं आरशातून पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुझं शिक्षण किती? आठवी ना? मग नको त्यात पडू नये. तुझ्या ताईंना मी चांगलंच सांगणार आहे तुझ्याबद्दल.”

बघा ही गंमत. धोक्यातली आहे हे सांगायला खणायची परवानगी लागते. धोक्यातली नाही हे सांगायला काही लागत नाही, नवे बूट पुरतात. एवढी पुस्तकं वाचून माणसं हे शिकतात, तर माझी आठवी मला महागात पडली नाही. हे वाक्य तेव्हा सुचलं असतं तर तोंडावर मारलं असतं. तेव्हा मी फक्त तीनपैकी एका टॉवेलनं तोंड पुसलं.

वर

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पंचायतीत शिक्का घ्यायला पुन्हा तिकडं गेलो. साहेब आत चहाला बसले, मी मागच्या मागं निसटले. इमलाबाई हातात लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बांधावर उभ्याच होत्या. “येशील वाटलंच होतं. चल. अन आज पोहू नको.”

पाऊण तास चढ. खाली सागाची पोरकी झाडं, वर मोह आणि बांबू, आणि मग एकदम उघडा, खडकाळ पट्टा. तिथं ती होती. फुलावर. उभ्या काडीवर पांढरी चिमुकली फुलं, तीन-तीनच्या घोळक्यानं, खालून वर उमलत गेलेली. जिकडं बघावं तिकडं. मी न पाहता ज्यांच्यावर रेघा ओढल्या त्या सगळ्या वाऱ्यात हलत होत्या. मी त्यांच्यात जाऊन बसले. लाजही वाटली आणि असा राग आला की दगड उचलून फेकावा. पण फेकणार कुणावर? इथं मी एकटीच गुन्हेगार होते.

“आता खणू का, मावशी? पावसाळ्यात हात लावत नाहीत म्हणालात.”

त्यांनी सब्बल बाजूला ठेवली. “खनायचं नाही, पाहायचं,” म्हणाल्या. एका रोपाच्या एका अंगाची माती त्यांनी बोटांनी सरकवली, जसं झोपलेल्या लेकराचं पांघरूण बाजूला करावं. आत जाड गोरी बोटं. गड्ड्याला थेट लागलेली, मध्ये दोरा नाही. मी मोबाइलवर फोटो काढले, शेजारी इमलाबाईंचा हात ठेवून, फुलांसकट. मग त्यांनी कनवटीतून तांदळाचे चार दाणे काढून धरतीला म्हणून खड्ड्यात टाकले आणि माती परत लोटली. रोप हललंसुद्धा नाही.

परवानगी, गुन्हा, खात्री. सगळं पाच मिनिटांत, चार दाण्यांत.

खाली आले तेव्हा कागद पंचायतीच्या टेबलावर होते, शिक्का व्हायचा होता. पेन घेतलं आणि वरच्या पट्ट्याच्या सगळ्या रेघा खोडल्या. त्यावर अक्षर अक्षर जुळवत लिहिलं, बोरिव्हिलिएनम. धोक्यात. स्वतः पाहिली. फुलावर आहे. पुढं सही, या वेळी साधी.

“काय करतेयस तू?” साहेब ओरडले.

“ओळख पटवतेय, साहेब. त्यासाठीच आणलंय ना मला?”

ग्रामसेवक बिचारा इकडून तिकडं बघत होता. इमलाबाई दारातूनच त्याला म्हणाल्या, “ठप्पा मार ना गा. अन एक झेरॉक्स आपल्यापाशी ठेव. कागद लई चालते होतात.” त्यानं मारला. ठेवलीही.

निघताना त्यांनी चिंधीत बांधलेली पुरचुंडी माझ्या हातात दिली. कांद्याच्या बियांसारखं काळं बी, मागच्या सालचं. “भाजीवालीचं हाय. रोडापाशचं. तुले आवडली ना.”

खरं सांगते, माझं मन थोडं खट्टू झालं. नर्सरीला हवी असते ती वरची, दुर्मिळ. ही तर साधी. चिंता नाही. तरी पाया पडून घेतली.

परत

साहेब गाडीत शेवटपर्यंत बोलले नाहीत. ताईंकडं माझी तक्रार गेली. ताईंनी दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलून तिसऱ्या दिवशी पाण्याची झारी हातात दिली, म्हणजे काम राहिलं. त्याबद्दल त्यांचे आभार. अहवाल टाइप होऊन गेला, तो नंतर पाहिला. वरच्या पट्ट्यात पुन्हा ट्युबरोसम, आणि सहीच्या जागी दुसरंच नाव. मला वाटलंच होतं.

पण पंचायतीतली झेरॉक्स कुठं चालती झाली नव्हती. दिवाळीनंतर मशीन आलं तेव्हा गावानं ग्रामसभेत तीच काढली. परवा इमलाबाईंचा फोन आला. मी विचारलं, “टेकडी?”

“वरची हाय. तिथं नाही जाऊ दिलं. तुहा कागद दाखवला.”

मी आनंदानं ओरडणारच होते.

“खालची गेली,” त्या म्हणाल्या. “रोडापाशची सगळी. तिच्यापुढं चिंता नाही लिवलं होतं ना तुनं. मंग काय अडवाव?”

वरची धोक्यातली म्हणून वाचली. खालची धोक्यात नव्हती म्हणून तिला धोका आला. त्या उतारावर ज्या काड्या मी मांडल्या त्या खऱ्या होत्या, एकही चुकीची नव्हती. खरं लिहूनही ती गेली. माझ्या रागाचं आता काय करायचं ते मला कळत नाही. कुठल्या शहाण्यानं तो रकाना काढला, ज्यात जे भरपूर आहे त्याची चिंता करायची नसते? इमलाबाईंची भाजी तिथली होती.

माझ्या वाफ्याजवळ एक ट्रे आहे. परत आल्या आल्या ते बी त्यात पेरलं होतं. या बियांचं उगवणं फार कंजूष, तरी थोडी पानं आली, गवताच्या पात्यांएवढी. कार्तिकात ती पिवळी पडून निजली. आता ट्रेमध्ये नुसती माती दिसते. ताई परवा म्हणाल्या, तो रिकामा ट्रे ओत ना, जागा अडलीय. मी म्हटलं, रिकामा नाही. आत मुंड्या निजल्यात.

इमलाबाई, त्या उतारावरचं आता जगात एवढंच उरलंय, आणि ते माझ्याकडं आहे. आषाढात उठलं की मी ट्रे मांडीवर घेऊन येते. साहेबांशिवाय, माझी मी. तुमच्या बांधावर एकेक मुंडी माझ्या हातानं लावते, आणि मोडलेल्या जुड्यांची रोवणीही राहिलीय, ती पुरी करते. या वेळी अंतर सोडून.